मागच्या सीटवरचं वजन

मी बोलतेय, इकडून, जिन्याशेजारच्या पत्र्याखालून. अंगावर राखाडी कव्हर आहे. त्याला आरशापाशी एक भोक पडलंय, त्यातून दिसतं तेवढंच सध्या माझं जग. मी मोटारसायकल आहे. आवाज जाडा, स्वभाव फटकळ, आणि मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही. तेव्हा जरा टेका आणि ऐका.

माझी जात वेगळी. डांबरी रस्त्यावर चालते आणि डांबर संपलं तरी चालते. पुढचे स्प्रिंगवाले पाय लांबलचक, सायलेन्सर वर उचललेला, टायरला बोटभर खाचा, पोट जमिनीपासून हातभर वर. शोरूमच्या भिंतीवर माझ्यासारखीचाच एक मोठा फोटो होता. चिखलाने माखून ती डोंगराच्या माथ्यावर उभी, खाली ढग. मी दिवसभर त्या फोटोकडे बघत असायची. वाटायचं, आज ना उद्या कुणीतरी दांडगा माणूस येईल आणि मला तिकडे घेऊन जाईल.

दांडगे यायचे, नाही असं नाही. पण मला बघून आधी हरखायचे, मग टांग टाकून बसायचे, आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की पाय जमिनीला टेकत नाहीत. पाय टेकले नाहीत की माणसाचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. उगाच आरसा हलवून बघतात, घड्याळाकडे बघतात, "विचार करून सांगतो" म्हणतात आणि जातात ते जातातच.

मग एका शनिवारी तो आला. पन्नाशीला टेकलेला, सडपातळ, कंबरेला रुंद पट्टा आवळलेला. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत, हत्यारांची पिशवी पाठीवर, आणि मधला सगळा प्रवास जुन्या स्कूटरवर खड्ड्यांतून. पंचवीस वर्षांत पाठीचं पार खोबरं झालेलं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वाकून बसायचं नाही, पाय पुढे ताणून बसायचं नाही, खुर्चीत बसतो तसं ताठ बसायचं. ते त्याने चिठ्ठीवर लिहून आणलं होतं.

आधी तो माझ्या शेजारच्या लाल गाडीवर बसला. ती शर्यतीची. तिच्यावर बसलं की माणूस कुणाच्या तरी पाया पडतोय असं दिसतं. लगेच उतरला. मग त्या जाड्या काळ्या गाडीवर बसला, जिच्यावर पाय पुढे सोडून आरामात रेलायचं असतं. तिथे दोन मिनिटं रेलला आणि उठताना "आई गं" म्हणाला. मग माझ्यावर बसला. लांब टांगांचा होता, पाय टेकले. हँडल धरलं, पाठ सरळ केली आणि डोळे मिटले. किती वेळ? शोरूममधली मुलगी दोनदा येऊन बघून गेली, झोप लागली की काय म्हणून.

मग म्हणाला, मला हिच्यावरून खड्ड्यात जायचंय. लोक खड्डा चुकवून गाडी बघतात, हा खड्डे शोधत निघाला. मागच्या गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खणलेला एक चर होता, त्यावरून मला तीन वेळा नेलं. मी स्प्रिंगा अशा दाबल्या आणि अशा सोडल्या, की त्याच्या पाठीला कळलंसुद्धा नाही. परत येईपर्यंत तो माझा झाला होता आणि मी त्याची. तरी घाई केली नाही पठ्ठ्याने. तीन शनिवार आला. हँडल किती रुंद, गर्दीत अडकेल का, सरळ रस्त्यावर खाचांच्या टायरांचा आवाज होतो का, हाताला मुंग्या येतात का, सगळं विचारलं. गुळगुळीत टायर बसवून घेतले, वाऱ्याला आडवी छोटी काच लावून घेतली. इतका चौकस माणूस मी पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र त्याला सुचली नाही. तीन शनिवार आला तो तिन्ही वेळा एकटाच आला.

घरी आणलं तेव्हा बायको बाहेर आली. गळ्यात टेप, बोटात अंगठीसारखं टोपण. तयार कपडे बेतून द्यायचं तिचं चिंचोळं दुकान होतं. कुणाची पँट तोकडी कर, कुणाचा खांदा आत घे, असं काम. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप तिच्या डोक्यात तयार असायचं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ती माझ्या टाकीच्या जरा वर येत होती, इतकंच.

"ही सवत तर माझ्याहून उंच आणलीत," ती म्हणाली. मग मागच्या फूटरेस्टवर डावा पाय ठेवून चढायला लागली. पण तिचा उजवा गुडघा शिवणयंत्र चालवून चालवून कामातून गेलेला, अर्ध्यावर येऊन अडायचा. पाय माझ्या सीटवरून पलीकडे जाईना. दोनदा झालं, तीनदा झालं. नवरा "अगं, नुसता टाक पाय" म्हणत बाजूला उभा. शेवटी ती हसली. म्हणाली, राहू दे, तुमच्या पाठीला बरी आहे ना, मग झालं. आणि आत गेली.

तो बराच वेळ माझी टाकी पुसत बसला. टाकी स्वच्छच होती.

तेव्हा मला वाटलं, नाही बसली तर नाही बसली, माझं काय जातं? काय जातं ते मला हळूहळू कळलं. घर तळमजल्यावर. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने घर मुद्दाम तळमजल्यावर घेतलं होतं, कामावरून आल्यावर पुन्हा लिफ्टचं तोंड बघायला नको म्हणून. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावर, त्यामुळे भांड्याला भांडं लागलं तरी मला ऐकू यायचं. एक दिवस ती बहिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, हे घरात बोलतच नाहीत. समोरासमोर बसलं की तोंडाला कुलूप. सगळं आयुष्य आम्ही स्कूटरवर बोललो. मुलीचं नाव काय ठेवायचं ते स्कूटरवर ठरलं, घर घ्यायचं ते स्कूटरवर ठरलं. पुढे बघत गाडी चालवायला लागले की सुटतात. आता स्कूटर भंगारात गेली आणि ते एकटे जातात त्या उंटावरून. मी बसने जाते."

उंट म्हणाली मला. पण मला राग आला नाही.

मुलगी शिकायला दूरच्या शहरात होती, घरात ही दोघंच. संध्याकाळी चमच्यांचा आवाज यायचा. अजून हवं का? नको. उद्या लवकर जायचंय? हं. संपलं. दिवसभर मी मजेत असायची, नाही कशाला म्हणू. ताठ बसून तो गाड्यांच्या टपांवरून पार पुढच्या सिग्नलपर्यंत बघायचा. एकदा आमचा नेहमीचा रस्ता गटारासाठी तीन आठवडे खणून ठेवला होता. सगळं गाव शिव्या देत होतं आणि मी खुशीत होते, कारण दगडमातीचा ढीग चढून जायला मिळायचा. तेवढाच काय तो माझा डोंगर. पण संध्याकाळ झाली, खिडकीतला दिवा लागला, की मला अपराधी वाटायचं.

आणि त्या माणसाचं नवल वाटायचं. इमारतीच्या फाटकाशी उभा राहून तो रखवालदारांना शंभरदा सांगायचा, लिफ्ट मजल्याशी अगदी सपाट थांबली पाहिजे, अर्धा बोट वर राहिली तरी माणूस अडखळतो. त्यासाठी दिवस दिवस खपायचा. आणि त्याच्याच दारात मी एवढी उंच उभी होते, त्याचीच बायको रोज अडखळून मागे फिरत होती, ते त्याला दिसेना. तिलाही सांगवेना. त्याची पाठ तीन महिन्यांत दुखायची थांबली होती, ते ती बघत होती ना.

एके सकाळी बस आल्याच नाहीत. ती दुकानाची किल्ली हातात घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती, कुणी रिक्षा मिळते का बघत. तो मला वळवून घेत होता आणि योगायोगाने मी त्या पायरीला अगदी खेटून उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. मापं घेणारी बाई ती, लगेच हिशेब लागला. गुडघा न वाकवता पाय सरळ पलीकडे टाकला आणि बसली.

"बसले की," ती म्हणाली, स्वतःलाच सांगितल्यासारखी.

मला काय झालं ते कसं सांगू? इतके दिवस माझा मागचा भाग नुसता उडत असायचा. ती बसली, स्प्रिंग खाली गेली, आणि मी प्रथमच रस्त्यावर नीट टेकले. पहिल्या वळणावर त्याने मान जराशी डावीकडे केली आणि म्हणाला, "तुला सांगतो, काल त्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ना..." आणि जो सुटला तो दुकान येईपर्यंत. ऐकायला ती पुढे झुकायची तेव्हा दोघांची हेल्मेटं एकमेकांवर टक् करून आपटायची. तो आवाज मला इंजिनापेक्षा आवडायला लागला.

मग आमचं गाव उंचीवर ठरायला लागलं. जिथे चढायला पायरी, ओटा किंवा कट्टा असेल तिथेच जायचं. वाचनालयाला पायऱ्या होत्या, म्हणून वाचनालय. बागेला बुटकी भिंत होती, म्हणून बाग. कपड्यांच्या ठोक दुकानाला ओटा नव्हता, तर ते दुकानच बदललं. पेट्रोल पंपावरचा माणूस रोज सांगायचा, बाई, पेट्रोल भरताना उतरावं लागतं. ती म्हणायची, उतरते, मग परत चढायला पायरी तू आणून देशील का? तो बिचारा गप्प बसून पेट्रोल भरायचा. बरोबर नव्हतं ते, पण कोण सांगणार तिला?

एका रविवारी तो विसरला. गावाबाहेर तलाव आहे, तिथे वारा छान होता म्हणून थांबलो, ती उतरली. निघताना बघतात तर आजूबाजूला सगळं सपाट. ना दगड ना कट्टा. त्याने मला स्टँडवरून सरळ केलं आणि एका हाताने तिला आधार दिला. तिचा पाय सीटवर अडकला, मी कलले. उंच गाडी एकदा कलली की आवरत नाही, आणि त्याची पाठ ती. तिघंही आडवे झालो. मला एक ओरखडा आला. तिचा उजवा हात मनगटात मोडला.

शिवणाऱ्या बाईचा उजवा हात. सहा आठवडे प्लास्टर, दुकानाला कुलूप. घरी आल्यावर तो माझ्याकडे बघेना. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्या घेणाऱ्याकडे मला घेऊन गेला. त्या माणसाने मला दाबून पाहिलं, टायरला लाथ मारली आणि म्हणाला घेतो, कागद आणा. कागद घरी कपाटात होते.

खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. कपाट उघडल्याचा आवाज, मग तिचा.

"कागद कशाला हवेत?"

"विकून टाकतो."

"आणि तुमची पाठ?"

कपाटातले कागद सळसळले. मग ती म्हणाली, अगदी शांतपणे, "पँट लांब झाली की गिऱ्हाईक पँट घेऊन माझ्याकडे येतं. फेकून देत नाही. मला आधी का नाही विचारलंत? चला बाहेर, टेपचं एक टोक धरा."

आणि बाहेर आली. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात टेप आणि खडू. तिने आधी स्वतःचा पाय किती उचलला जातो ते मोजलं, मग मला मोजलं, आणि माझ्या सीटवर खडूने रेघ मारली. चार इंच, म्हणाली. तो टेपचं टोक धरून खाली बसला होता. डोळे पुसत होता, पण मान खाली घातलेली, त्यामुळे ते फक्त मला दिसलं.

दोन इंच सीटच्या फोममधून काढले, ते तिने स्वतः समोर उभं राहून कापून घेतले. उरलेले दोन गॅरेजच्या मेस्त्रीने माझ्या पायांतून काढले. पुढच्या नळ्या वर सरकवल्या, मागचा सांधा बदलला. मेस्त्री भला माणूस. काम संपल्यावर हात पुसत म्हणाला, बघा हं, आता ही डोंगराची राहिली नाही. माझा मालक म्हणाला, डोंगरावर आपलं कोण राहतं?

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. तो भिंतीवरचा फोटो, ते ढग, सगळं त्या दिवशी संपलं. गतिरोधकावर पोट घासायला लागलं. पूर्वी मी ज्यांच्या टपावरून बघायची, त्या गाड्यांच्या खिडक्यांशी माझं नाक आलं.

त्यात एक घोळ झालाच. मला बुटकी केली, पण साइड स्टँड तेवढाच लांब राहिला. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, ना मेस्त्रीच्या, ना मालकाच्या. त्यामुळे मी कलून उभी राहण्याऐवजी खांबासारखी ताठ उभी राहायला लागले. कामाच्या ठिकाणी वाऱ्याची एक झुळूक आली आणि मी पलीकडच्या अंगावर धाडकन पडले, साक्षात लिफ्ट कंपनीच्या साहेबांच्या पायाशी. साहेब म्हणाले, अहो, तुम्ही आमच्या लिफ्टी सपाट करता ना? घरी सांगितल्यावर ती इतकी हसली, इतकी हसली, की प्लास्टरचा हात पोटाशी धरून खाली बसली. मग स्टँडही कापला.

त्यानंतरची सात वर्षं माझी सोन्याची. ती कुठूनही चढायची आणि कुठेही उतरायची. आम्ही गावातल्या सगळ्या सपाट जागा बघून घेतल्या. काय काय ऐकलंय मी! तिची गिऱ्हाइकांशी झालेली भांडणं. लिफ्टच्या विहिरीत वाकून बघताना अजूनही भीती वाटते, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. मुलीने स्वतःच स्वतःचं लग्न ठरवलं तेव्हा तलावाला दोन फेऱ्या मारल्या, पहिल्या फेरीत रागावला आणि दुसऱ्या फेरीत होकार दिला. घरातले मोठे निर्णय सगळ्यांत आधी मला कळायचे.

मग मुलीला मूल व्हायची वेळ आली. ती फार लांब, आगगाडीने दीड दिवस. तीन महिने जाऊन येते, म्हणून बायको निघाली. स्टेशनपर्यंत मीच सोडलं. दोघांच्या मध्ये बॅग होती, त्यामुळे हेल्मेटं आपटली नाहीत. वाटेत तोही फारसा बोलला नाही.

नात वेळेच्या आधी आली. जीव एवढासा, फार जपावं लागलं. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा. तक्रार कुणाची करायची? सगळे आपापल्या जागी बरोबरच होते.

फोन रोज संध्याकाळी यायचा. त्याला अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो, त्यामुळे मलाही ऐकू येतं. जेवलात? हो. पाठ कशी आहे? बरी. अजून काय? काही नाही. एकदा तिने विचारलं, येऊ का मी? आणि हा शहाणा म्हणाला, तुझं तू बघ, तिला गरज आहे तुझी. मी बाहेर नुसती तडफडत होते. मला हॉर्न आहे, पण तो माझा मला वाजवता येत नाही.

फोन ठेवला की तो बाहेर यायचा, कव्हर काढायचा आणि मला घेऊन निघायचा. कामाशिवाय, गावाला वळसा घालून. आणि पहिल्या वळणावर मान डावीकडे जायची. "तुला सांगतो," सुरू व्हायचा. दुकानाच्या शटरला गंज धरलाय, मी तेल घातलं. आज दोन मजल्यांच्या मध्ये तासभर अडकलो होतो, अंधारात तुझीच आठवण येत होती. पाठ पुन्हा दुखते, तुला सांगितलं नाही. आणि शेवटी, घराच्या वळणावर, इतक्या हळू की इंजिनाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकूच जाऊ नये, "ये गं आता."

सगळं मागच्या सीटला सांगायचा, आणि मागच्या सीटवर कुणी नव्हतं. ऐकणारी फक्त मी. मला निरोप पोचवता येत नाही हो. मी रोज तिच्या वाट्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि पत्र्याखाली येऊन उभी राहायची.

पाठ दुखते कळल्यावर मेस्त्री म्हणाला, वहिनी काही इतक्यात येत नाहीत, तर हिला पुन्हा वर करून देऊ का? स्प्रिंगला जागा मिळेल, पाठीला आराम पडेल. माझी जुनी उंची! जिच्यासाठी मी इतकी वर्षं आतल्या आत झुरत होते. आणि काय सांगू, मी मनात म्हणत होते, नको म्हण, नको म्हण. तो म्हणाला, राहू द्या तशीच, ती आल्यावर चढणार कशी?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, फोन आला. नेहमीचं जेवण आणि पाठ झाल्यावर ती म्हणाली, मुलगी म्हणतेय इथेच राहा. जावयाने मोठं घर बघितलंय. बाबा वर्षाने निवृत्त झाले की तेही येतील. आणि तिकडे दुकानाचे मालक विचारतायत, किल्ली परत देणार का? आज त्यांना सांगायचंय. काय सांगू?

"तुला काय वाटतं ते सांग," तो म्हणाला.

मागून नातीचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "अहो, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?"

"स्वयंपाकघरात."

"बाहेर जा. गाडीवर बसा."

"आत्ता? कुठे जायचंय?"

"कुठे नाही. नुसतं बसायचं. आणि मला मागे ठेवा."

तो चपला घालून बाहेर आला. कव्हर काढलं. माझ्यावर टांग टाकली, आणि फोन मागच्या सीटवर, बरोबर ती बसते तिथे, उताणा ठेवला. हँडल धरलं. इंजिन बंद, समोर भिंत. शेजारची बाई गॅलरीतून कपडे वाळत घालता घालता थांबून बघायला लागली. तो भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, गेलं, आजही बोलत नाही हा. मग मान जराशी डावीकडे वळली.

"तुला सांगतो," तो म्हणाला.

आणि सांगितलं. शटर, लिफ्ट, अंधार, पाठ, सगळं, जे मी वर्षभर ऐकत होते ते सगळं. मला आधीच पाठ होतं, तरी मी पुन्हा ऐकलं. शेवटी थांबला. मग म्हणाला, "किल्ली देऊ नकोस. तू ये."

मग ती म्हणाली, "इतके दिवस का नाही म्हणालात?"

"फोन समोर असतो गं. तू समोर बसल्यासारखी वाटतेस. मग सुचत नाही."

ती हसली, आणि मग रडली, आणि मग नाक ओढत म्हणाली, "आत्ता लगेच नाही जमायचं. पोरगी चालायला लागू दे. तिच्या पायावर उभी राहिली की मी निघते. तोवर रोज गाडीवर बसून फोन करायचा."

तेव्हापासून हे असं चालू आहे. रोज संध्याकाळी तो चपला घालून येतो, कव्हर काढतो, फोन मागे ठेवतो आणि भिंतीकडे बघून तासभर बोलतो. इमारतीतल्या लोकांना वाटतं, लिफ्टवाल्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे. मी मात्र खरं सांगते, माझं भागत नाही. फोनला वजन ते काय? स्प्रिंगला कळतसुद्धा नाही. बोलणं येतं, हसणं येतं, पण सीट दबत नाही. मला ती हवी आहे, सबंध, तिच्या अडणाऱ्या गुडघ्यासकट. माझंही आता वय झालंय, साखळी कुरकुरते, मागच्या रबराला चिरा पडल्यात. आणखी एक डोंगर नको मला. ती बसून एक वळण घेतलं तरी पुरे.

तुमच्यातलं कुणी माझ्यासारखी गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर जरूर घ्या. पाठीला आमच्यासारखं सुख नाही, खड्ड्यांची काळजी नाही. पण एक ऐका माझं. बघायला एकटे जाऊ नका. जो मागे बसणार आहे त्याला बरोबर न्या, आधी त्याला चढवून बघा, आणि तो हसून "राहू दे" म्हणाला तर त्याचं ते ऐकू नका.

बरं, आवरते आता. दार वाजलं, चपलांचा आवाज येतोय. काल फोनवर कळलं, नातीने खुर्ची सोडून चार पावलं टाकली. पाचव्याला बसली म्हणे. बघू, आज किती टाकली ते.